जुन्या स्मार्टफोनला आपला ठावठिकाणा कसा कळायचा?

कपाटात पडून असलेला पंधरा वर्षांपूर्वीचा स्मार्टफोन चार्जिंगला लावला, तर तो बहुधा सुरू होतो. गजर वाजतो, गाणी वाजतात, कॅमेराही चालतो. नकाशा उघडला की मात्र गोंधळ होतो. ठिपका दहा-दहा मिनिटं येतच नाही. आला तर दोन किलोमीटर दूर दिसतो. आणि धावण्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपमध्ये आजची फेरी चक्क वीसेक वर्षांपूर्वीच्या तारखेला जमा होते. फोन बिघडला असं समजून लोक तो भंगारात टाकतात. खरं तर या तिन्ही गोष्टींची कारणं वेगळी आहेत, त्यातल्या दोन घरबसल्या सुधारता येतात, आणि ती कारणं समजली की आजच्या फोनमधली 'लोकेशन'ची भानगडही उलगडते.

सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे. फोनला आपली जागा माहीत नसते. तो दरवेळी काहीतरी ऐकून किंवा कोणाला तरी विचारून अंदाज बांधतो. हा अंदाज किती नेमका, त्याला वेळ किती लागणार, बॅटरी किती जाणार आणि तुमचा माग कोणाच्या हाती राहणार, हे सगळं त्याने कोणाला विचारलं यावर ठरतं. विचारण्याच्या वाटा तीन: आकाशातले उपग्रह, मोबाइलचे टॉवर आणि आसपासचे वायफाय राउटर.

उपग्रह: वीज आणि गडगडाट

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजायचे आणि तीनने भागायचे, की वीज किती किलोमीटरवर पडली हे ढोबळमानाने कळतं. जीपीएसचं तत्त्व हेच आहे. आवाजाच्या जागी रेडिओ लहर, आणि ढगाच्या जागी सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह. प्रत्येक उपग्रह अखंड सांगत असतो, "मी अमुक, माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत." फोन तो संदेश ऐकतो, निघाल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ यांतला फरक काढतो आणि त्याला प्रकाशाच्या वेगाने गुणतो. मिळालं त्या उपग्रहापासूनचं अंतर. अशी तीन अंतरं जिथे जुळतात, तिथे आपण.

मग फोन चौथा उपग्रह का मागतो? उपग्रहात अणुघड्याळ असतं, फोनमध्ये साधं क्वार्ट्झचं. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकी चूक झाली, तरी अंतर 300 मीटरने चुकतं. म्हणून फोन आपल्या घड्याळाची चूक हीसुद्धा एक अज्ञात संख्या धरतो. अक्षांश, रेखांश, उंची आणि घड्याळाची चूक अशी चार अज्ञातं सोडवायला चार समीकरणं हवीत, म्हणून चार उपग्रह. तीनच सापडले तर फोन उंची गृहीत धरून काम भागवतो. डोंगराळ भागात तीन उपग्रहांवरचा ठिपका बराच सरकलेला दिसतो तो यामुळे.

इथेच एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. हा सगळा मामला एकतर्फी आहे. रेडिओ केंद्राला आपले श्रोते कुठे बसलेत हे कळत नाही, तसं उपग्रहाला तुमचा फोन या जगात आहे हेही कळत नाही. तो फक्त बोलतो आणि फोन फक्त ऐकतो. तुमची जागा बाहेर कोणाला कळली असेल, तर ती फोनमधल्या एखाद्या ॲपने किंवा मोबाइल नेटवर्कने कळवलेली असते.

पहिला ठिपका यायला इतका वेळ का?

अंतर काढायचं, तर तो उपग्रह नेमका कुठे आहे हेही ठाऊक हवं. ती माहिती उपग्रह स्वतःच पाठवतो, पण सेकंदाला जेमतेम 50 बिट या गतीने. यात दोन प्रकार असतात. पहिला म्हणजे त्या एका उपग्रहाच्या कक्षेचा बारीक तपशील. याला एफेमेरिस म्हणतात. तो दर 30 सेकंदांनी पुन्हा पाठवला जातो आणि सुमारे चार तास वापरता येतो. दुसरं म्हणजे सगळ्या उपग्रहांचं ढोबळ पंचांग. ते पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं लागतात, पण ते बरेच दिवस उपयोगी पडतं. कोणता उपग्रह आत्ता क्षितिजावर असेल हे पंचांगावरून कळतं, म्हणजे फोनला आकाशभर चाचपडत बसावं लागत नाही.

आता जुन्या फोनचं वागणं समजतं. दहा मिनिटांपूर्वी वापरला असेल, तर सगळी माहिती ताजी असते आणि ठिपका काही सेकंदांत येतो. काल वापरला असेल, तर पंचांग आहे पण एफेमेरिस शिळं झालंय, म्हणून अर्धा-एक मिनिट. कपाटातून वर्षांनी बाहेर काढला, तर सगळं मुळापासून.

त्यात आणखी एक अडचण असते. एफेमेरिस उतरत असताना मध्येच संदेश तुटला, तर पुढच्या आवर्तनाची वाट पाहावी लागते. चालता चालता, झाडाखालून, इमारतींच्या कडेने जाताना तो सारखा तुटतो. म्हणून 'चालत राहिलो तर लवकर सापडेल' ही समजूत उलटी आहे. मोकळ्या आकाशाखाली एका जागी उभं राहा, फोन हाताच्या मुठीत झाकू नका.

मार्च 2007 मध्ये बाजारात आलेल्या नोकिया एन95 चं उदाहरण या बाबतीत बोलकं आहे. त्यात जीपीएस होतं, पण पहिला ठिपका यायला लोकांना कित्येक मिनिटं ताटकळावं लागे. त्याचा अँटेना अंकांच्या कीपॅडखाली होता. फोनचा सरकता भाग मिटलेला असला की कीपॅड आत सरकायचा आणि अँटेना झाकला जायचा. सरकता भाग उघडून फोन आडवा धरला की फरक पडायचा. पुढे त्याच फोनला सॉफ्टवेअर अपडेटमधून ए-जीपीएस मिळालं आणि वाट पाहणं खूपच कमी झालं.

ए-जीपीएस म्हणजे साहाय्य घेणारं जीपीएस. एफेमेरिस आणि पंचांग उपग्रहाकडून थेंब-थेंब घेण्याऐवजी फोन ते इंटरनेटवरून काही किलोबाइटमध्ये उचलतो. अंतरं मात्र अजूनही उपग्रहांकडूनच मोजतो. त्यामुळे 'इंटरनेट नसेल तर जीपीएस चालत नाही' हे खरं नाही. इंटरनेट फक्त सुरुवात वेगाने करून देतं. इंटरनेट नसताना रिकामा दिसतो तो नकाशा. जागा तेव्हाही कळत असते.

टॉवर: नेमकं नाही, पण लगेच

फोन ज्या टॉवरला जोडलेला असतो त्याच्या कक्षेला, म्हणजे सेलला, एक ओळख असते. देश, कंपनी, विभाग आणि सेल असे चार आकडे. हे चार आकडे एखाद्या मोठ्या यादीत शोधले की तो सेल कुठे आहे हे मिळतं. अनोळखी गावात फोन करून "मला समोर पाण्याची टाकी दिसतेय" असं सांगण्यासारखं हे आहे. टाकी कुठे आहे ते ऐकणाऱ्याला ठाऊक असेल, तर तुम्ही साधारण कुठे आहात हे त्याला कळतं.

नोव्हेंबर 2007 मध्ये गूगल मॅप्सने मोबाइलवर 'माय लोकेशन' ही सोय आणली तेव्हा ती याच तत्त्वावर होती. जीपीएस नसलेल्या फोनवरही शून्याचं बटण दाबलं की निळा ठिपका यायचा, भोवती मोठं फिकट वर्तुळ घेऊन. दाट वस्तीत टॉवर जवळजवळ असतात, त्यामुळे चूक काहीशे मीटरची. मोकळ्या माळावर एक टॉवर कित्येक किलोमीटर सांभाळतो, तिथे चूकही तेवढीच. जीएसएममध्ये, म्हणजे टूजी फोनच्या पद्धतीत, एका सेलचा नेहमीचा पल्ला 35 किलोमीटरपर्यंत जातो, यावरून कल्पना यावी.

हे वर्तुळ लोक बघतच नाहीत. ठिपका बघतात आणि त्याच्यावर विसंबून वाद घालतात. वर्तुळ सांगतं, "तुम्ही यात कुठेतरी असाल." अँड्रॉइडमध्ये या वर्तुळाचा अर्थ ठरवून दिलेला आहे: खरी जागा त्याच्या आत असण्याची शक्यता सुमारे 68 टक्के. म्हणजे तीनातल्या जवळपास एका वेळी तुम्ही वर्तुळाच्याही बाहेर असू शकता! हरवलेला फोन शोधताना एखाद्याच्या दारावर जाऊन थाप मारण्याआधी हा आकडा आठवावा. अशा ठिपक्याच्या भरवशावर कोणावर चोरीचा आळ घेणं हा अन्याय आहे.

वायफाय: राउटर हललं की जागाही हलते

जून 2007 चा पहिला आयफोन जीपीएसशिवाय आला होता. जानेवारी 2008 मध्ये एका अपडेटनंतर तो नकाशावर आपली जागा दाखवू लागला, टॉवर आणि वायफाय या दोन्हींच्या आधाराने. वायफायची माहिती स्कायहुक नावाच्या कंपनीची होती. तिच्या गाड्या रस्तोरस्ती फिरून, कुठे कोणत्या राउटरचा सिग्नल येतो याची नोंद करत. प्रत्येक राउटरला स्वतःचा ओळख क्रमांक असतो आणि तो हवेत सतत घोषित होत असतो. फोन ऐकू येणाऱ्या राउटरांचे क्रमांक आणि त्यांच्या सिग्नलची ताकद कळवतो, समोरून जागा येते. यासाठी त्या वायफायला जोडलेलं असण्याची, पासवर्ड माहीत असण्याची गरज नाही.

इमारतींच्या गर्दीत आणि छपराखाली ही पद्धत उपग्रहांपेक्षा सरस ठरते. बिघाड एकाच ठिकाणी होतो: यादी जुनी झाली की. कोणी घर बदलताना राउटर सोबत नेलं, तर यादीत ते जुन्याच पत्त्यावर राहतं, आणि नव्या घरात बसलेला फोन स्वतःला जुन्या शहरात समजतो. ठिपका अचानक शंभर किलोमीटर उडी मारून परत आला, तर बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. काही दिवस-आठवड्यांत यादी आपोआप दुरुस्त होते, कारण जीपीएस असलेले इतर फोन तिथून जाताना नवी नोंद करून देतात.

हो, आपले फोनच या याद्या तयार करतात. याकडे पुन्हा येऊ.

कोणती ॲप्स खरोखर कामाची होती?

रस्ता दाखवणारी ॲप्स सगळ्यात लोकप्रिय होती, पण त्यांच्यात एक मूलभूत फरक होता. काहींचा नकाशा फोनच्या मेमरी कार्डावर असे, काही तो चालता चालता इंटरनेटवरून घेत. ऑक्टोबर 2009 मध्ये गूगलने अँड्रॉइडवर वळणावळणाला बोलून सांगणारं नेव्हिगेशन फुकट दिलं. त्याला वाटभर डेटा लागायचा. जानेवारी 2010 मध्ये नोकियाने आपलं नेव्हिगेशन फुकट केलं, आणि त्याचे नकाशे संगणकावरून कार्डावर भरून ठेवता यायचे. आज जुन्या फोनवर उपयोगी ठरतो तो हा दुसरा प्रकार, कारण त्याला कोणाला विचारावं लागत नाही.

त्याही आधी, फोनमध्ये जीपीएस नसताना, लोक काडेपेटीएवढा वेगळा ब्लूटूथ रिसीव्हर खिशात ठेवायचे. विंडोज मोबाइल या तेव्हाच्या फोन-प्रणालीवर तो जोडताना हमखास गाडी अडायची, म्हणून क्रम सांगतो. रिसीव्हर ब्लूटूथने जोडायचा, संकेतांक बहुधा 0000. मग त्याला बाहेर जाणारा कॉम पोर्ट, म्हणजे माहितीच्या देवाणघेवाणीचं क्रमांक दिलेलं दार, नेमून द्यायचा. सेटिंग्जमधल्या जीपीएसच्या पानावर तोच पोर्ट हार्डवेअर म्हणून लिहायचा, ॲप्ससाठी दुसरा क्रमांक निवडायचा, आणि गती 4800 ठेवायची. ॲपमध्ये हा दुसरा क्रमांक द्यायचा. थेट हार्डवेअरचा क्रमांक दिला तर पहिलं ॲप तो पोर्ट अडवून बसतं आणि दुसऱ्याला काहीच मिळत नाही. रिसीव्हर खराब असल्याचा निष्कर्ष काढण्याआधी हे तपासावं.

फेरीची नोंद ठेवणारी ॲप्स, म्हणजे नोकियाचं स्पोर्ट्स ट्रॅकर किंवा गूगलचं माय ट्रॅक्स, ही माझ्या मते त्या काळातली सगळ्यात प्रामाणिक ॲप्स. ती जे करत ते सरळ होतं: ठरावीक वेळाने वेळ आणि जागा लिहायची, आणि शेवटी जीपीएक्स किंवा केएमएल या प्रकारची, इतर नकाशा-ॲप्सनाही वाचता येणारी फाइल हातात द्यायची. दर सेकंदाला एक नोंद धरली तर तासाला 3600 नोंदी. एका नोंदीला सव्वाशे बाइट धरले, तरी फाइल अर्ध्या एमबीच्या आत. जागेचा प्रश्न नसतोच.

प्रश्न असतो खोट्या अंतराचा. तुम्ही बाकावर बसलात तरी ठिपका स्थिर राहत नाही, तो मीटर-दोन मीटर हलत राहतो. दर सेकंदाला एक मीटर सरकला, तरी अर्ध्या तासाच्या विश्रांतीत 1.8 किलोमीटर जमा होतात, एक पाऊल न टाकता. म्हणून थांबताना नोंद थांबवा. ॲपमध्ये 'किमान अंतर' ठेवता येत असेल, तर चालताना ते 10 मीटर ठेवा. त्याहून जास्त ठेवलं तर वळणं कापली जातात आणि अंतर उलट कमी भरतं.

उंचीच्या आकड्यावर फार भरवसा नको. उपग्रह सगळे आपल्या वरच्या बाजूलाच असतात, खालून मोजायला कोणी नसतं, म्हणून उंचीतली चूक आडव्या चुकीपेक्षा मोठी असते. शिवाय जीपीएस पृथ्वीच्या एका गणिती, गुळगुळीत आकारापासून उंची मोजतं, समुद्रसपाटीपासून नाही. या दोहोंतला फरक काही ठिकाणी शंभर मीटरच्या आसपास जातो. काही जुनी ॲप्स हा फरक वजा करतच नव्हती. समुद्रकिनाऱ्यावर उभं राहून फोनने उणे साठ मीटर दाखवलं तर घाबरू नका.

जागेचे आकडे एका ॲपमधून दुसऱ्यात हाताने भरताना एक चूक वारंवार होते. 40 अंश 30.5 मिनिटं म्हणजे 40.305 नव्हे. मिनिटांना 60 ने भागायचं: 40.5083. ही चूक केली तर जागा साडेबावीस किलोमीटर सरकते.

मित्रांना नकाशावर एकमेकांची जागा दाखवणारं गूगल लॅटिट्यूड फेब्रुवारी 2009 मध्ये आलं आणि ऑगस्ट 2013 मध्ये बंद झालं. त्यातली एक सोय चांगली होती: जागा हाताने ठरवता यायची किंवा पूर्ण लपवता यायची.

चोरीला गेलेला फोन शोधणारी सॉफ्टवेअरं

सुरुवातीच्या सिम्बियन फोनमध्ये (नोकियाच्या जुन्या स्मार्टफोनची ही प्रणाली) अशी ॲप्स सिमवर लक्ष ठेवायची. नवं सिम घातलं की आधीच ठरवलेल्या क्रमांकावर गुपचूप एसएमएस जायचा, म्हणजे चोराचा नंबर तुमच्या हाती. जून 2009 मध्ये ॲपलने 'फाइंड माय आयफोन' आणलं. अँड्रॉइडवर लुकआउट, प्रे अशी ॲप्स होती. 2011 मध्ये लुकआउटने 'प्लॅन बी' काढलं, आणि त्यामागची कल्पना विलक्षण होती: ते फोन हरवल्यानंतर बसवायचं. संगणकावरून अँड्रॉइड मार्केट उघडून दूरच्या फोनवर ॲप पाठवायचं, ते सुरू होऊन तुमच्या जीमेलवर जागा कळवायचं.

या सगळ्यांचा कच्चा दुवा मात्र सारखाच होता. फोन मूळ स्थितीला आणला, म्हणजे फॅक्टरी रीसेट केला, की ॲप पुसलं जायचं आणि खेळ संपायचा. सप्टेंबर 2013 मध्ये आयओएस 7 ने रीसेटनंतरही मालकाचा पासवर्ड मागायला सुरुवात केली तेव्हा हे बदललं. त्याआधीच्या फोनवर शोध ॲप असणं म्हणजे पहिल्या काही तासांची संधी, एवढंच. म्हणून फोन गेल्याचं कळताच आधी जागा पाहावी, लगेच कुलूप लावावं, मग सिम बंद करायला सांगावं. सिम आधी बंद केलं तर फोनचं इंटरनेट बंद पडतं आणि फोन कळवायचा थांबतो.

नंबर टाकला की जागा दाखवणारं ॲप खरंच असतं का?

नाही. हे ठामपणे सांगायला हवं, कारण या आशेवर आजही लोक फसतात. कोणता नंबर कोणत्या टॉवरवर आहे हे फक्त त्या मोबाइल कंपनीच्या यंत्रणेला ठाऊक असतं, आणि ॲपला तिथे शिरकाव नसतो. अशी ॲप्स दाखवतात ती फार तर त्या क्रमांकाची मालिका मुळात कोणत्या भागाला दिली गेली ते. बाकी वेळा दिसतो तो बनावट नकाशा आणि फिरतं चक्र, आणि तेवढ्यात तुमचे संपर्क उचलले जातात. आयएमईआयचं, म्हणजे फोनच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाचंही तसंच. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबल्यावर दिसणारा हा पंधरा आकडी क्रमांक लिहून ठेवा, तक्रार देताना तो लागतो. पण त्यावरून फोन शोधणं हे कंपनीचं काम, ॲपचं नव्हे.

दुसऱ्याची जागा सतत दाखवणारं ॲप असतं, पण ते त्याच्या फोनमध्ये कोणीतरी हातात घेऊन बसवलेलं असतं. संमतीने असेल तर ती सोय. लपवून असेल तर ती पाळत आहे, मग ती जोडीदाराने ठेवलेली असो की आणखी कोणी, आणि ती चूकच आहे. आपल्या फोनबद्दल शंका असेल, तर ॲप्सची पूर्ण यादी तपासा, न वापरता फोन गरम होतोय का, बॅटरी आणि डेटा अकारण जातोय का ते पाहा, आणि खात्री होत नसेल तर हवं ते जपून ठेवून फोन रीसेट करा. मात्र अशी पाळत ठेवणाऱ्या व्यक्तीपासून धोका वाटत असेल, तर रीसेटची घाई करू नका. त्याला ते लगेच कळतं. आधी दुसऱ्या फोनवरून मदत मागा.

जीपीएस बंद केलं की माग बंद, असं नाही का?

जीपीएस हा फक्त ऐकणारा कान आहे. तो बंद केला तरी टॉवर आणि वायफायची वाट उघडी असते. फोन चालू आणि सिम आत असेल, तर कंपनीला तुमचा टॉवर ठाऊक असावाच लागतो. नाहीतर येणारा कॉल पोचवणार कुठे? विमान मोडमध्ये किंवा फोन बंद असताना तो टॉवरला काही पाठवत नाही, नोंद राहते ती शेवटच्या टॉवरची.

एप्रिल 2011 मध्ये दोन संशोधकांनी दाखवून दिलं, की आयफोनमध्ये टॉवर आणि वायफायच्या जागांची एक फाइल जमा होते, काहींच्या फोनमध्ये जवळपास वर्षभराची, आणि बॅकअप घेतला की ती कुलपाशिवाय संगणकावर उतरते. ॲपलने खुलासा केला, की ही त्या माणसाच्या फिरण्याची डायरी नसून आसपासच्या टॉवर-राउटरांची साठवलेली यादी आहे, जागा लवकर सापडावी म्हणून. मे महिन्याच्या अपडेटने साठा सुमारे आठवड्यापुरता केला आणि बॅकअपमध्ये जाणं थांबवलं. खुलाशात तथ्य होतं. पण वर्षभराची 'आसपासची यादी' नकाशावर मांडली, तर माणूस कोणत्या गावात कधी होता हे दिसतंच. माहिती कशासाठी गोळा केली यापेक्षा तिच्यातून काय काढता येतं, हे पाहायला हवं.

परवानग्यांचा भागही त्या काळी कमजोर होता. अँड्रॉइडवर ॲप बसवतानाच सगळ्या परवानग्या एकदम द्याव्या लागत, नको असेल तर ॲपच सोडा. एकेक परवानगी हवी तेव्हा देण्या-नाकारण्याची सोय 2015 च्या अँड्रॉइड 6.0 मध्ये आली. त्यामुळे जुन्या फोनवर एकच उपाय: साध्या टॉर्चच्या ॲपला तुमची जागा हवी असेल, तर ते ॲप काढून टाका.

फोटोंमध्येही जागा लिहिली जाते, हे विसरू नका. ती कधी चुकीचीही असते, कारण कॅमेरा उघडताच नवा ठिपका मिळाला नाही, तर फोन शेवटची माहीत असलेली जागा चिकटवतो.

मग आज तो फोन कामाला लावता येईल का?

येईल, नकाशा आणि नोंद या दोन कामांसाठी. आधी बॅटरी पाहा. फुगलेली असेल तर चार्ज करू नका, बदला. एन95 ची बॅटरी 950 मिलीअँपिअर-तासांची होती, म्हणजे साडेतीन वॉट-तास. पडदा, जीपीएस आणि नेटवर्क मिळून एक वॉट खाल्लं, तर साडेतीन तासांत खेळ आटोपला. यात जीपीएसपेक्षा पडदाच जास्त खातो. नोंद चालू ठेवून पडदा बंद करा आणि सिम नसेल तर विमान मोड लावा. बऱ्याच फोनमध्ये त्यातही जीपीएस चालतं. सिम काढलेला फोन नेटवर्क शोधत बसला की बॅटरी उगाच जाते.

मग तारीख-वेळ हाताने बरोबर लावा, नकाशे वायफायवरून किंवा संगणकावरून आधीच भरा, आणि फोन मोकळ्या आकाशाखाली पडदा वर करून पंधरा मिनिटं निवांत ठेवा. पंचांग उतरायला तेवढा वेळ द्यावाच लागतो. ए-जीपीएसच्या भरवशावर राहू नका. अनेक ठिकाणी टूजी-थ्रीजी नेटवर्क बंद झाली आहेत, आणि वायफाय असलं तरी जुन्या फोनचं सुरक्षा-सॉफ्टवेअर आजच्या सर्व्हरशी बोलू शकत नाही. अँड्रॉइड 2.3.7 आणि त्याआधीच्या फोनवर तर सप्टेंबर 2021 पासून गूगल खात्यात प्रवेशही होत नाही. ठिपका दोन किलोमीटर दूर दिसत असेल, तर तो टॉवरचा अंदाज आहे, उपग्रह अजून सापडलेले नाहीत. थांबा.

आणि ती वीस वर्षांपूर्वीची तारीख?

जीपीएसचा मूळ संदेश आठवड्यांची मोजदाद दहा बिटांत करतो. दहा बिटांत 1024 आकडे मावतात, 0 ते 1023. त्यानंतर मोजणी पुन्हा शून्यावर येते, गाडीच्या जुन्या मीटरचे नऊ एकदम शून्य व्हावेत तशी. असं ऑगस्ट 1999 मध्ये झालं आणि 6 एप्रिल 2019 च्या रात्री पुन्हा झालं. आपण कितव्या फेरीत आहोत हे संदेश सांगत नाही, ते रिसीव्हरच्या सॉफ्टवेअरने ओळखायचं असतं. ज्याला अपडेट मिळाला नाही तो मागच्याच फेरीत राहतो. काही उपकरणांची मोजणी त्यांच्या स्वतःच्या वेगळ्या दिवशी उलटते. आयफोन 5 साठी ती तारीख 3 नोव्हेंबर 2019 होती, आणि त्याआधी आयओएस 10.3.4 बसवण्याची सूचना ॲपलने दिली होती.

बहुतेक जुन्या फोनमध्ये जागा बरोबरच येते, चुकते ती फक्त तारीख. फेऱ्यांच्या नोंदी टाकून देऊ नका. 1024 आठवडे म्हणजे 7168 दिवस. जीपीएक्स फाइल संगणकावर उघडून प्रत्येक तारखेत 7168 दिवस मिळवले, की खरी तारीख आणि तोच वारही मिळतो, कारण फरक पूर्ण आठवड्यांचाच असतो. मोजणी पुढच्या वेळी शून्यावर येईल ती नोव्हेंबर 2038 मध्ये.